बिनरंगाच्या काचा

माझं सगळं आयुष्य मांसाला रंग देण्यात गेलं. ऐकायला विचित्र वाटेल, पण सरकारी दवाखान्याच्या पॅथॉलॉजी विभागात चौतीस वर्षं मी हेच केलं. ऑपरेशन झालं की रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा आमच्याकडे येई. तो मेणाच्या वडीत बसवायचा, वडीवरून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचपट्टीवर अलगद उचलायचे आणि मग जांभळा आणि गुलाबी असे दोन रंग चढवायचे. रंग नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ काहीच दिसत नाही. रंगवलेली काच बघून डॉक्टर सही करत आणि रोग्याचं पुढचं ठरे. निवृत्तीनंतर शहराच्या कडेला असलेल्या एका फार्मसी कॉलेजनं मला काप काढायला बोलावलं आणि पहिल्याच दिवशी तिथले सर म्हणाले, "ताई, इथं रंग लावायचा नाही." मला वाटलं, यांनी चुकीच्या बाईला बोलावलंय.

सर तसे भले गृहस्थ, पण समजावून सांगताना त्यांना फार घाई असते. त्यांनी फळ्यावर एक गोल काढला, त्याकडे जाणारा एक बाण काढला, गोलातून परत येणारे तीन बाण काढले आणि म्हणाले, "कुठलाही रंग नाही, कुठलंही लेबल नाही. पेशी जशी आहे तशी बघायची." मी मान हलवली. न कळलेल्या गोष्टीला मान हलवायची सवय मला दवाखान्यापासून आहे. मनात म्हटलं, ज्या यंत्राला रंग नको त्याला रंगारीण कशाला हवी?

मला खरं समजावलं ते त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुलीनं. नरखेड तालुक्यातली, घरी मोसंबीची बाग, कॉलेजच्या हॉस्टेलवर राहणारी. यंत्राच्या खोलीत एसी होता आणि आख्ख्या मजल्यावर तो तेवढाच, म्हणून दुपारचा डबा मी तिथं दाराशी बसून खायची. ती यंत्रापुढून न उठता बोलायची.

"मावशी, हा लेझरचा लाल उजेड आपण तुकड्यावर टाकतो. बहुतेक उजेड जसा गेला तसाच वापस येते. पण त्यातला जरासा रंग बदलून येते. किती बदलला ते पाहून मशीन सांगते का समोर चरबी आहे, का प्रथिनं आहेत, का आणखी काही."

"म्हणजे उजेड आत जाऊन इचारपूस करून येते?"

"तसंच समजा," ती हसून म्हणाली.

पडद्यावर मात्र तुकडा दिसायचाच नाही. दिसायची एक वेडीवाकडी रेघ, चढउतारांची. प्रत्येक उंचवटा म्हणजे एकेक पदार्थ, असं ती म्हणायची. मी डोळे बारीक करून बघायची. मला त्यात यकृत दिसेना, रोग दिसेना, काही दिसेना. दवाखान्यात सुजलेलं यकृत मी दारातून ओळखलं असतं. इथं मी अडाणी झाले होते आणि त्याचा मला राग यायचा.

तिचं काम असं होतं. उंदरांच्या यकृताला एक रसायन देऊन मुद्दाम इजा करायची. त्यातल्या काहींना एका झाडाच्या सालीचा अर्क औषध म्हणून पाजायचा आणि यकृत सुधारतंय का ते बघायचं. रंगवलेल्या काचांवर सुधारणा दिसत होती, ते दुसऱ्या प्रयोगशाळेनं केलं होतं. हिला दाखवायचं होतं ते वेगळंच: की रंग न लावता, नुसत्या उजेडानं हाच फरक ओळखता येतो. तसं झालं तर उद्या औषधं तपासायला एवढे सोपस्कार लागणार नाहीत. निरोगी, आजारी आणि औषध दिलेली अशा तीन गटांच्या मिळून अठ्ठेचाळीस वड्या होत्या. त्यांचे काप काढायचे माझ्याकडे, आणि त्यांवर तिची चार वर्षं टांगलेली. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी समितीपुढं सगळं मांडायचं आणि मग प्रबंध लिहायला बसायचं, असं ठरलं होतं.

आता अडचण काय झाली ते सांगते. साधी काच त्या लेझरखाली स्वतःच चमकते, म्हणून काचपट्टीला स्वयंपाकघरातली चांदीसारखी फॉइल गुंडाळायची अशी तिथली पद्धत. स्वस्त आणि मस्त. पण फॉइलवर काप धरत नाही. निरोगी यकृताचे काप कसेबसे बसायचे. आजारी यकृत मात्र भुसभुशीत, शिळ्या ढोकळ्यासारखं. मेण विरघळवायला पट्टी रसायनात बुडवली की काप सुटून तळाशी जायचा. एका दिवसात माझे सात काप वाहून गेले. त्यात एप्रिलचं ऊन, मेण मऊ पडलेलं, वड्यांवर बर्फ ठेवून ठेवून बोटं बधिर. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

मग मी घरून माझी बाटली आणली. आमच्या पिढीच्या प्रत्येक तंत्रज्ञाकडे अशी एक बाटली असायची. अंड्याचा पांढरा बलक फेटून फडक्यातून गाळायचा, त्यात तितकंच ग्लिसरीन घालायचं, नासू नये म्हणून थायमॉलचा एक खडा टाकायचा. काप उचलण्याआधी त्याचा थेंब पट्टीवर टाकून पुसून घ्यायचा, इतका पातळ की आहे की नाही कळू नये. मग काप जागचा हलत नाही. मी हे माझ्या वरिष्ठ बाईंकडून शिकले, त्या कुणा आणखी जुन्या माणसाकडून. कुणाच्या वहीत हे लिहिलेलं मी पाहिलं नाही. पोळपाटाला पीठ लावतो, ते कुणी कृतीत लिहीत नाही.

आजारी यकृतांच्या सगळ्या पट्ट्यांना मी बलक लावला. निरोगी आणि औषध दिलेल्या यकृतांना गरज पडली नाही, ती घट्ट होती. सरांना विचारलं नाही. विचारावं असं काही मी करतेय, हेच डोक्यात आलं नाही.

तीनेक आठवड्यांनी खोलीत एकदम आनंदीआनंद झाला. आजारी यकृतांच्या रेघेत एका जागी ठसठशीत उंचवटा येत होता. निरोगीत नाही, औषध दिलेल्यांतही नाही. म्हणजे आजार उजेडाला दिसला आणि औषधानं तो गेला हेही दिसलं. सर स्वतः चहा घेऊन आले. पोरीनं गावाहून मोसंब्यांची पिशवी मागवली आणि मला त्यातली निम्मी दिली. मला तिच्यासाठी बरं वाटलं, खरंच. पण पोटात कुठंतरी दुखलंही. रंगाशिवाय सगळं दिसायला लागलं, म्हणजे माझी चौतीस वर्षं कशात जमा करायची? घरी मोसंबीचा रस काढताना मी यजमानांवर उगाच खेकसले.

समितीची बैठक आठवड्यावर आली तेव्हा मी पोरीला सहज विचारलं, "हा तुह्या उंचवट्यात आहे तरी काय वं?"

"प्रथिनं, मावशी. पण अशी, ज्यायचा आकार मोडून गेला आहे. आजारानं यकृतातली प्रथिनं मोडतात, असं सर म्हणतात." मग माझ्या तोंडाकडे बघून तिला वाटलं असावं की हिला काही कळलेलं नाही, म्हणून तिनं सोपं करून सांगितलं. "अंडं उकडलं का पांढरा बलक कसा गोठते? तसंच. उकडलेल्या अंड्याची रेघ काढली न, तर हाच उंचवटा येईन."

हातातला घास मी डब्यात परत ठेवला. काप बसले की पट्ट्या मी गरम पेटीत वाळवायची. बलक तिथं गोठतो, म्हणूनच तर तो धरून ठेवतो.

त्या दिवशी मेट्रोत मी माझं स्टेशन चुकवून पुढं गेले. डोकं चालेना. कधी वाटायचं, एवढासा थेंब, पुसून टाकलेला, त्याची काय मजाल. कधी वाटायचं, तेवढासाच तर तो उजेडही मागत होता. शिवाय आजारी यकृतात मोडलेली प्रथिनं खरीही असतील की. मग उंचवट्यातला कितवा हिस्सा रोगाचा आणि कितवा कोंबडीचा? हे मला ठरवता येणार नव्हतं, आणि ज्यांना येईल त्यांना माहीत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. कॉलेजात सर नुसते "ताई" म्हणाले तरी दचकायची.

यजमानांना सांगितलं. ते सावनेरच्या कोळसा खाणीच्या कार्यालयातून निवृत्त झालेले, कुठल्याही प्रश्नाची फाइल बंद करण्यात हुशार. कूलरच्या पुढ्यात पाय पसरून म्हणाले, "तुले कोनं इचारलं का? नाही न? मंग काहून सांगतं? पोरगी पास होऊन राहिली, होऊ दे."

"अन् पुढं कोनाले समजलं तं?"

"अंड्यापाशी कोन जाते वं इचाराले?"

त्यांचं म्हणणं चुकीचं म्हणवत नव्हतं. पोरीचं नुकसान कुणी केलं असतं? सांगून मीच. न सांगता कुणाचंच दिसत नव्हतं. रोज सकाळी वंदना झाली की मी पंचशील म्हणते. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. तीन दिवस मी त्या शिलाशी वाद घातला, की मी खोटं कुठं बोलले, मी तर बोललेच नाही. चौथ्या दिवशी त्या ओळीपाशी आवाजच फुटेना. नुसते ओठ हलवून मी उठले.

त्याहून वाईट विचार एक होता, तो यजमानांनाही सांगितला नाही. मला ते यंत्र आवडत नव्हतं. रंग नको म्हणणाऱ्या यंत्राची फजिती व्हावी असं मला आतून वाटत होतं, हे मी नाकबूल कसं करू? मग बाटली आणताना माझ्या मनात काय होतं? काप टिकावेत एवढंच, असं मी शंभरदा स्वतःला सांगितलं. शंभरदा सांगावं लागतंय म्हटल्यावर त्यावरचा विश्वासही उडायला लागला.

समितीला तीन दिवस उरले असताना मी एक कोरी पट्टी घेतली, फॉइल गुंडाळली, बलक लावला, पेटीत वाळवली आणि पोरीपुढं ठेवली. "हे पाह्य."

"हे कोणतं सॅम्पल?"

"तू पाह्य तं."

तिनं पट्टी यंत्राखाली सरकवली. तुकडा शोधत बसली, सापडेना. "याच्यावर काहीच नाही, मावशी," ती म्हणाली, तरी तिनं उजेड सोडला. पडद्यावर रेघ हळूहळू उमटली. सपाट, सपाट, आणि मग तिच्या उंचवट्याच्या जागी तिचाच उंचवटा.

मी बोलायला सुरुवात केली आणि थांबता येईना. बाटली, फडकं, ग्लिसरीन, भुसभुशीत यकृतं, सगळं. ती पडद्याकडेच बघत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "किती पट्ट्यांवर?"

"आजारी होते तितक्या साऱ्या. बाकीच्यायले नाही लावलं."

तिनं पट्टी यंत्राखालून काढून टेबलावर ठेवली. मग मान न वळवता म्हणाली, "मावशी, मुद्दाम तं नाही न केलं?"

मी "नाही" म्हटलं. लगेच म्हटलं. इतक्या लगेच म्हटलं याचीही मला लाज वाटली. तिनं मान डोलावली आणि तोंड धुवायला निघून गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. माझ्याशी ती त्या दिवशी पुन्हा बोलली नाही.

सरांना तिनंच सांगितलं. सर माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त समितीची बैठक पुढं ढकलून घेतली आणि म्हणाले, "सगळं परत."

वड्यांमध्ये मांस शिल्लक होतं, तेवढंच नशीब. अठ्ठेचाळीस वड्या मी पुन्हा कापल्या, या वेळी पट्टीवर पाण्याशिवाय काहीही न लावता. काप वाहून जायचे, मी पुन्हा काढायची. शेवटी कळलं की पेटी कमी गरम ठेवून दोन दोन दिवस वाळू दिलं तर भुसभुशीतसुद्धा टिकतं. म्हणजे बलकाची गरज नव्हतीच, धीराची होती. हे मला चौतीस वर्षांत कळलं नव्हतं, कारण दवाखान्यात दोन दिवस कुणाकडेच नसायचे. पोर पट्ट्या मोजून घ्यायची, मोजून ठेवायची. बोलायची, पण कामापुरतं.

नव्या रेघा आल्या. तिन्ही गटांच्या तिनं एकीवर एक ठेवून मला दाखवल्या. उंचवटा गेला होता. रेघा एकमेकींवर अशा बसल्या होत्या की तीन आहेत हेही सांगितल्याशिवाय कळू नये. रंगवलेल्या काचांवर यकृत सुधारलेलं स्पष्ट दिसत होतं, पण उजेडाला त्यातलं काही दिसलं नव्हतं. आणि मला काय वाटलं? मला आधी आनंद झाला. एक क्षणभर, पण झाला. रंगाशिवाय दिसत नाहीच, असं आतून कुणीतरी ओरडलं. मग मी पोरीकडे पाहिलं. ती नखानं टेबलाचा सनमायका खरवडत होती. त्या आनंदाची मला अजून शरम वाटते, आणि तो झाला नव्हता असं अजून म्हणवत नाही.

समितीपुढं तिनं काहीच लपवलं नाही. मला तिनं मागच्या रांगेत बसायला बोलावलं होतं. आधीच्या रेघा दाखवल्या, कोऱ्या पट्टीची रेघ दाखवली, नंतरच्या दाखवल्या आणि म्हणाली, या पद्धतीनं फरक दिसलेला नाही. बाहेरून आलेले एक म्हातारे परीक्षक चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हे तुमच्या लक्षात कसं आलं? मी असतो तर जन्मात आलं नसतं." तिनं माझ्याकडे हात केला. सगळ्यांच्या माना वळल्या. ते चोराकडे बघतायत की साक्षीदाराकडे, मला कळेना. मी पदर सावरला.

परीक्षकांनी तिला सहा महिने वाढवून दिले आणि एक अट घातली. जे झालं ते प्रबंधात सविस्तर लिहायचं. फरक का दिसला होता, का नाहीसा झाला, पट्टीवर नेमकं काय लावलं, कसं लावलं, सगळं. दुसऱ्यांनी हीच चूक करू नये म्हणून. सहा महिने शिष्यवृत्तीशिवाय काढायचे होते. ती गावी जाऊन येऊन लिहिणार होती.

जाण्याआधी ती माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसली, लॅपटॉप मांडीवर. "सांगा मावशी. पहिल्यापासून. मी लिहून घेते."

मी सांगत गेले. बलक किती, ग्लिसरीन किती, फडकं कोणतं, खडा कशाला. ती मध्ये मध्ये थांबवून विचारायची, "किती वेळ फेटता?" "गाळून किती दिवस चालते?" इतक्या वर्षांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, वरिष्ठांनी नाही, माझ्यानंतर आलेल्या मुलींनीसुद्धा नाही. माझ्या हातचं पहिल्यांदा कुठंतरी लिहिलं जात होतं, आणि ते चुकांच्या प्रकरणात. मला रडू येत होतं. ते कशाचं, मला नीट सांगता येणार नाही. अपमान वाटत होता, आणि तिनं लिहायचं थांबवू नये असंही वाटत होतं.

तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं. शेवटी आलं, थेंब बोटानं पट्टीवर पसरवला जात असे.

"बोटानं नाही," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं.

"करंगळीनं. बाकीची बोटं जड पडतात."

तिनं आधीचा शब्द खोडला आणि तसं लिहिलं.